पर्यावरणशास्त्रातील पदवी: नाशिकमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पर्यावरणशास्त्र हा मोजमापाचा विषय आहे, हे प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीच मनाशी पक्के केलेले बरे. डोंगरभटकंतीची आवड, पक्षी पाहण्याचा छंद, झाडे तोडली जाताना येणारी चीड किंवा गोदावरीची अवस्था पाहून वाटणारी अस्वस्थता, यांपैकी काहीतरी मनात असल्याशिवाय या विषयाकडे सहसा कोणी वळत नाही. ती ओढ असलीच पाहिजे, कारण उन्हातान्हात नमुने गोळा करण्याचे आणि एकच परीक्षण पुन्हा पुन्हा करण्याचे काम तिच्याच बळावर निभावते. पण वर्गात गेल्यावर समोर येतात ती द्रावणे, ब्यूरेट, गाळणपत्रे, मातीचे नमुने, संख्याशास्त्राची कोष्टके आणि कायद्याची कलमे. नदी घाण झाली आहे हे कोणालाही दिसते. ती किती, कशामुळे, कुठपासून आणि कोणत्या महिन्यात घाण होते, हे पुराव्यासह सांगता यावे म्हणून ही पदवी घ्यायची असते. नाशिक जिल्ह्यातील बारावीच्या किंवा नुकत्याच बारावी झालेल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना प्रवेशापासून अंतिम वर्षाच्या प्रकल्पापर्यंतची वाट क्रमाने कळावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

आधी विषयाची ओळख पटवून घ्या

प्रवेशाच्या चौकशीत तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली म्हणजे कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्वच शाखांना पदवीच्या काळात असणारा पर्यावरणाचा सक्तीचा विषय. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या आदेशातून तो आला आणि २००३ मधील पुढील निर्देशांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याचा समान अभ्यासक्रम आखून दिला. थोड्या क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे अभ्यासभार मोजण्याचे एकक) या विषयाचा आणि पर्यावरणशास्त्राच्या पदवीचा आवाका अगदी वेगळा आहे. तो सोपा गेला म्हणून पदवीही सोपी जाईल, असा अंदाज बांधू नये.

दुसरी गोष्ट पर्यावरण अभियांत्रिकीची. ती बी.ई. किंवा बी.टेक.च्या वाटेवर येते, तिला बारावीला गणित लागते आणि प्रवेश एमएचटी-सीईटीसारख्या परीक्षेतून होतो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील टाकी किती मोठी असावी हे अभियंता ठरवतो. त्या केंद्रात येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्यात काय आहे आणि ते नदीत मिसळल्यावर तेथील जीवसृष्टीचे काय होते, हे पर्यावरणशास्त्राचा पदवीधर पाहतो. तिसरी वाट कला शाखेतील पर्यावरण अभ्यासाची किंवा भूगोलाची असून तिच्यात समाज, धोरण आणि वस्ती यांवर भर असतो. ज्यांचा कल लेखनाकडे, लोकांशी बोलण्याकडे आणि धोरणांकडे आहे, पण प्रयोगशाळेचा कंटाळा येतो, त्यांनी ती वाट धरण्यात काहीच कमीपणा मानू नये.

बी.एस्सी. पर्यावरणशास्त्रात पाणी, हवा व माती यांचे रसायनशास्त्र, परिसंस्थाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख, भूशास्त्र व जलविज्ञान, संख्याशास्त्र, सुदूर संवेदन (उपग्रहांच्या साहाय्याने पाहणी), घनकचरा व्यवस्थापन, पर्यावरणीय आघात मूल्यमापन (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा आधीच केलेला अभ्यास) आणि कायदे असे घटक कमी-अधिक प्रमाणात येतात. यादी लांबलचक आहे आणि हाच या विषयाचा धोका आहे. सगळ्यातले थोडे थोडे येते आणि एकही गोष्ट खोलवर येत नाही, अशी अवस्था तीन वर्षांनंतर होऊ शकते. माझे स्पष्ट मत असे की पहिल्या वर्षापासूनच एक मूळ विज्ञान, म्हणजे रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भूशास्त्र यांपैकी एक, पक्के करायला घ्यावे आणि बाकीचे विषय त्याच्या आधाराने शिकावेत.

बारावी आणि प्रवेश

बारावीला विज्ञान शाखा हवी. जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांना परिसंस्थेचा भाग सोपा जातो, तर गणित घेतलेल्यांना संख्याशास्त्राची धास्ती वाटत नाही. ज्यांना झेपेल त्यांनी बारावीला दोन्ही ठेवावेत. रसायनशास्त्रातील मोल, सामान्यता, आम्ल-आम्लारी आणि ऑक्सिडीकरण ही प्रकरणे कच्ची राहिली असतील, तर निकाल आणि कॉलेज सुरू होणे यांमधल्या आठवड्यांत ती पुन्हा वाचून काढावीत. पहिल्या सत्रातील निम्मी अडचण तिथेच संपते.

नाशिकमधील पारंपरिक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि बी.एस्सी.चे प्रवेश बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर, गुणवत्ता यादीने होतात. केंद्रीय विद्यापीठांत जायचे असल्यास २०२२ पासून सुरू झालेली सीयूईटी ही परीक्षा द्यावी लागते आणि तिचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आसपासच भरावे लागतात, म्हणून निकालाची वाट पाहत बसू नये. पर्यावरणशास्त्र हा मुख्य विषय म्हणून प्रत्येक महाविद्यालयात नसतो. संकेतस्थळावर नाव दिसले तरी प्रत्यक्ष महाविद्यालयात जाऊन यंदा तो मुख्य विषय म्हणून चालू आहे की गौण म्हणून, आणि पुरेसे विद्यार्थी न आल्यास तुकडी रद्द होते का, हे कार्यालयात नव्हे तर विभागात विचारावे. त्याच भेटीत प्रयोगशाळा पाहावी. बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन) मोजण्यासाठीचा इनक्युबेटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि ऊर्ध्वपातित पाण्याची सोय चालू स्थितीत आहे का, वर्षातून किती क्षेत्रभेटी होतात, गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी कोणते प्रकल्प केले, हे विचारल्यावर कोणताही चांगला विभाग आनंदाने दाखवतो. प्रकल्पांच्या जुन्या वह्या चाळल्या की विभागाचा दर्जा माहितीपत्रकापेक्षा अधिक नेमका कळतो.

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली आहे. तीन वर्षांची पदवी आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी असे दोन पर्याय आहेत. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याचीही सोय आहे. प्रत्येक सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांत १२० ते १३२ आणि चार वर्षांत १६० ते १७६ क्रेडिट असा हिशेब असतो. हे क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होत असल्याने ते खाते पहिल्याच सत्रात उघडावे आणि त्यावरील नाव बारावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळते आहे याची खात्री करावी.

या रचनेत मुख्य विषयाबरोबर एक गौण विषय घ्यायचा असतो आणि नाशिकच्या विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त विचार या निवडीवर करावा, असे मला वाटते. कारण अगदी व्यावहारिक आहे. वनखात्यात जाण्याचे स्वप्न घेऊन अनेक जण पर्यावरणशास्त्राला येतात. पण भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पदवीत पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो, अथवा पदवीच कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची असावी लागते. या यादीत पर्यावरणशास्त्राचे नाव नाही. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हे कळले तर हातात काहीच उरत नाही. पहिल्या वर्षी कळले तर वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्र गौण विषय म्हणून घेऊन दार उघडे ठेवता येते. राज्य वनसेवेची अर्हताही विषयांच्या यादीवरच ठरते, म्हणून लोकसेवा आयोगाची मूळ जाहिरात स्वतः वाचावी आणि निवडलेला विषय गुणपत्रिकेवर स्वतंत्र नावाने छापला जाईल ना, हे विभागप्रमुखांना विचारून घ्यावे.

उलट बाजूनेही हीच वाट घेता येते. गावाजवळच्या महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र मुख्य विषय म्हणून नसेल, तर केवळ त्यासाठी पुण्याला खोली घेऊन राहण्याचा खर्च प्रत्येक कुटुंबाने करण्याची गरज नाही. शहरातील एचपीटी-आरवायके, केटीएचएम, बिटको यांसारख्या जुन्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. त्यांपैकी एका विषयात बी.एस्सी. करून पुढे पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यांचा पाया अनेकदा अधिक भक्कम असतो.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमी लेयर हे कागद मे महिन्यातच तयार ठेवावेत, कारण जून-जुलैमध्ये सेतू केंद्रांत झुंबड उडते. केंद्र सरकारच्या काही विज्ञान शिष्यवृत्त्या ठरावीक मूलभूत विषयांनाच मिळतात. तेथेही आपल्या मुख्य विषयाचे नाव यादीत आहे का, हे आधी पाहावे.

पहिले वर्ष: हात बसवणे

पहिल्या वर्षात सिद्धांतापेक्षा प्रात्यक्षिकावर अधिक वेळ द्यावा. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत हे याचे उत्तम उदाहरण आहे, कारण पुढची तीन वर्षे ती सतत लागते. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखालीच तोंडोतोंड भरायची आणि आत हवेचा एकही बुडबुडा राहू न देता झाकण बसवायचे. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अ‍ॅझाइड ही द्रावणे पिपेटचे टोक पाण्याच्या पातळीखाली ठेवून सोडायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो; तो जितका गडद तितका ऑक्सिजन जास्त, आणि साका पांढराच राहिला तर त्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. साका खाली बसल्यावर सल्फ्युरिक आम्ल घालून तो विरघळवायचा, पिवळसर झालेल्या द्रावणातील २०० मिलिलिटर भाग घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन (टायट्रेशन) करायचे, रंग फिकट गवती झाला की स्टार्चचे थेंब टाकायचे आणि निळा रंग नाहीसा होताच थांबायचे. या मापात खर्च झालेला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन.

ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात स्टार्च लवकर टाकला, बाटलीत बुडबुडा राहिला किंवा थायोसल्फेटचे प्रमाणीकरण जुने असले की आकडा बिघडतो आणि बिघडलेला आकडा दिसायला बरोबर आकड्यासारखाच असतो. म्हणून प्रत्येक नमुना किमान दोनदा मोजावा, दोन वाचनांत मोठा फरक आल्यास तिसऱ्यांदा मोजावा आणि जर्नलमध्ये जे आले तेच लिहावे. शेजाऱ्याच्या वहीतून ‘अपेक्षित’ उत्तर उतरवण्याची सवय या विषयात विशेष घातक आहे, कारण उद्या याच आकड्यांवर एखाद्या गावाच्या विहिरीचा निर्णय होणार असतो.

शहर आणि नदी: तीन वर्षांची प्रयोगशाळा

नाशिकच्या विद्यार्थ्याला मिळालेली सर्वांत मोठी सोय म्हणजे एकाच नदीची उगमापासून पाणथळीपर्यंतची सारी रूपे एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्र्यंबकेश्वर सोडून गंगापूर धरणात येते, सोमेश्वरच्या धबधब्यावरून आनंदवल्ली, रामकुंड, तपोवन असा शहराचा पल्ला ओलांडते, पुढे निफाड तालुक्यात शिरते आणि सायखेड्यावरून नांदूरमध्यमेश्वरला जाते, जिथे कादवा तिला येऊन मिळते. वाटेत नासर्डी आणि वाघाडी शहरातून येऊन तिला मिळतात. या पल्ल्यावर पाच ठिकाणे निश्चित करावीत: धरणाच्या खाली, सोमेश्वर, रामकुंड, तपोवनाच्या पुढे आणि सायखेडा. महिन्यातून एकदा, त्याच ठिकाणी आणि शक्यतो त्याच वेळी, पाण्याचे तापमान, सामू (पीएच), विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजून नोंदवहीत लिहावा. चार-पाच मित्रांनी मिळून हे केले तर खर्चही विभागला जातो. अभ्यासक्रमात हे कुठेही लिहिलेले नसते, पण तिसऱ्या वर्षी ज्याच्याकडे अशी सलग नोंद आहे, त्याला प्रकल्पासाठी विषय शोधत फिरावे लागत नाही.

वेळ पाळण्याचा आग्रह का, हेही समजून घेतले पाहिजे. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे तो आकडा थोडा कमी येतो. पण शेवाळ माजलेल्या संथ पाण्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन या मर्यादेच्याही वर जातो आणि पहाटे, रात्रभराच्या श्वसनानंतर, तळ गाठतो. दुपारी तीनला घेतलेला एकच नमुना अशा डोहाला निरोगी ठरवतो, तर मासे मरतात ते पहाटे. सोमेश्वरला पाणी खडकांवर आपटून हवा पिते, म्हणून तेथील आकड्याची तुलना रामकुंडाशी करताना हा फरक ध्यानात धरावा लागतो. पाणवेलींनी, म्हणजे जलपर्णीने, झाकलेल्या पात्रात प्रकाश खाली पोहोचत नाही आणि हवेशी देवाणघेवाणही मंदावते; अशा ठिकाणी झाकलेल्या आणि उघड्या भागातले नमुने शेजारी शेजारी घेतले तर एका दुपारीत जे कळते ते पुस्तकाच्या प्रकरणाने कळत नाही.

रामकुंड हे स्नानाचे ठिकाण आहे, म्हणून तेथे स्नानयोग्य पाण्याचे निकष लावावेत: विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५ आणि मलजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत इष्ट, २५०० ही कमाल मर्यादा. पिण्याच्या पाण्याचे निकष वेगळे असून ते आयएस १०५०० या भारतीय मानकात आहेत. तेथे नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. कोणत्या पाण्याला कोणता निकष, ही गल्लत नवख्यांकडून फार होते. बीओडी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात, तर परदेशी पुस्तकांत २० अंशांवर पाच दिवस असे लिहिलेले आढळते. आकडे ताडून पाहताना हे विसरू नये. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येत आहे. एवढ्या मोठ्या संख्येने लोक एका नदीकाठी एकवटण्यापूर्वीची, त्या काळातली आणि नंतरची नोंद ठेवण्याची संधी पदवीच्या वर्षांत मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

नदीपलीकडेही जिल्हा शिकवतो. इगतपुरीला वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि येवल्याला जेमतेम पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात पर्जन्यछायेचा एवढा ठळक नमुना असल्याने वनस्पती, माती आणि विहिरींची पातळी यांची तुलना बसच्या तिकिटावर करता येते. सगळीकडे खाली काळा पाषाण आहे, म्हणून पाणी मुरते ते फक्त झिजलेल्या थरांत आणि भेगांत, आणि दोन शेजारच्या विहिरींपैकी एक आटते व दुसरी टिकते याचे कारण तिथेच सापडते. नांदूरमध्यमेश्वर जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात तेथे जाऊन नुसती पक्ष्यांची यादी करू नये, तर ठरावीक जागेवरून ठरावीक वेळ मोजणी करण्याची पद्धत अनुभवी निरीक्षकांकडून शिकून घ्यावी. अंजनेरी आणि बोरगड ही दोन्ही संवर्धन राखीव क्षेत्रे शहराच्या हाकेच्या अंतरावर आहेत. अंजनेरीच्या नावानेच ओळखली जाणारी सेरोपेजिया या फुलझाडाची दुर्मीळ जात पावसाळ्यात पाहावी, छायाचित्र घ्यावे आणि जागेचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये.

हवेच्या बाबतीत नाशिकचा समावेश २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांत आहे, म्हणजेच येथे सूक्ष्म धुळीचे मान ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांसाठी, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाची सरासरी ४० आहे. निफाडची कडाक्याची थंडी आपल्याला ठाऊकच आहे. अशा शांत, थंड पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहून जागीच कोंडते आणि शेकोटीचा, वाहनांचा, कचरा जाळल्याचा धूर खालीच साचतो. डिसेंबरमधील पहाटेचे आणि दुपारचे आकडे शेजारी मांडले की तापमान व्युत्क्रमण आपोआप समजते.

क्षेत्रात जाताना

अभयारण्यात किंवा राखीव क्षेत्रात नमुने गोळा करण्यास वनविभागाची लेखी परवानगी लागते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली साधे पीस किंवा घरटे उचलणेही अडचणीचे ठरू शकते. सांडपाण्याचा नमुना घेताना हातमोजे घालावेत आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी. पावसाळ्यात धरणातून विसर्ग चालू असताना नदीपात्रात उतरू नये. एकट्याने कधीही जाऊ नये.

कायदा वाचायला शिका

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना कायद्याचा पेपर रटाळ वाटतो, पण नोकरीत पहिल्या दिवशी तोच उपयोगी पडतो. १९७४ चा जल कायदा, १९८१ चा वायू कायदा आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, ही तिन्ही नावे आणि त्यांतील अधिकार कोणाकडे आहेत हे पाठच हवे. त्यापुढे जाऊन एखाद्या कारखान्याचे प्रत्यक्ष संमतीपत्र वाचावे. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील उद्योगांना प्रदूषण नियंत्रण मंडळ जे संमतीपत्र देते, त्यात रोजचे उत्पादन, पाण्याचा वापर, सांडपाण्याची कमाल मात्रा, बीओडी व सीओडी (रासायनिक ऑक्सिडीकरणास लागणारा ऑक्सिजन) यांच्या मर्यादा, धुराड्याची उंची आणि घातक कचऱ्याचे प्रकार कलमवार दिलेले असतात. उद्योगाला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र सादर करावे लागते. ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवून वाचता येणारा विद्यार्थी मुलाखतीत लगेच उठून दिसतो.

२००६ च्या आघात मूल्यमापन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी होते आणि तिच्या आधी अहवालाचा मराठी सारांशही उपलब्ध केला जातो. जिल्ह्यात सुनावणी असेल तेव्हा सारांश वाचून तिथे जाऊन बसावे. सिंहस्थातील साधूंच्या निवासासाठी उभारायच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्यावरून २०२५ च्या अखेरीस शहरात जो वाद उभा राहिला, त्यातही हेच दिसले की कोणत्या जातीची, किती घेराची, किती वयाची झाडे आहेत याची विश्वासार्ह यादी ज्याच्याकडे असते त्याचे म्हणणे बाजूला सारता येत नाही. नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ चा आहे. तो मराठीत मिळतो, वाचायला एक संध्याकाळ पुरते.

संगणकाबाबत थोडक्यात: क्यूजीआयएस ही विनामूल्य प्रणाली, इस्रोचे भुवन संकेतस्थळ आणि स्प्रेडशीटमधील सरासरी, प्रमाण विचलन व सहसंबंध एवढे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी यावे. सशुल्क वर्गाची गरज नाही.

प्रकल्पाचा विषय

‘नाशिकमधील प्रदूषण: एक अभ्यास’ असा विषय घेऊ नये. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर चार महिन्यांत आणि महाविद्यालयाच्या उपकरणांवर मिळेल. द्राक्षबागांचे उदाहरण घेऊ. केवडा हा द्राक्षावरील रोग रोखण्यासाठी बागायतदार मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारत आले आहेत आणि त्यातील तांबे मातीच्या वरच्या थरात साचत जाते, कारण ते सहजासहजी वाहून जात नाही. मग पाच, पंधरा आणि पंचवीस वर्षांच्या बागांतील मातीचे नमुने, वरच्या पंधरा सेंटिमीटरचे आणि त्याखालचे, आणि तुलनेला शेजारच्याच कधीही द्राक्ष न लावलेल्या शेतातले, असे घ्यावेत. प्रश्न स्पष्ट आहे, तुलना आहे, आणि निकाल शेतकऱ्याच्या कामाचा आहे. बागेत शिरण्यापूर्वी मालकाला सर्व समजावून सांगावे आणि निष्कर्ष त्यालाच आधी द्यावेत; एखाद्या काकांनी चहा पाजून बाग दाखवली आणि नंतर त्यांना निकालाचा कागदही मिळाला नाही, तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना ते फाटकाबाहेरूनच परत पाठवतील. याच धर्तीवर कांद्याच्या पट्ट्यातील विहिरींमधील नायट्रेट पावसाळ्यापूर्वी व नंतर, किंवा एका प्रभागातील घंटागाडीत येणाऱ्या कचऱ्याचे ओला-सुका वर्गीकरण वजनासह, असे विषय बांधता येतात.

उन्हाळी प्रशिक्षणासाठी मान्यताप्राप्त खासगी परीक्षण प्रयोगशाळा, औद्योगिक वसाहतीतील मोठ्या कारखान्यांचे पर्यावरण विभाग आणि दिंडोरी रस्त्यावरील मेरी ही जलविषयक संशोधन संस्था यांना जानेवारीतच विभागप्रमुखांच्या पत्रासह लेखी विनंती करावी. एप्रिलमध्ये पाठवलेल्या अर्जांना बहुधा उत्तर येत नाही.

पदवीनंतर

केवळ बी.एस्सी.वर मिळणारी कामे म्हणजे परीक्षण प्रयोगशाळेतील विश्लेषक, शुद्धीकरण केंद्रातील रसायनतज्ज्ञाचा साहाय्यक, सल्लागार संस्थेत नमुने गोळा करणारा क्षेत्र साहाय्यक अशी असतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे पालकांनी आधीच जाणून घ्यावे. मात्र या कामांत दोन वर्षे काढलेल्या माणसाला पुढील शिक्षणात काय शिकायचे हे नेमके कळलेले असते. आघात मूल्यमापन अहवाल तयार करणाऱ्या संस्थांना राष्ट्रीय मान्यता घ्यावी लागते आणि त्यांतील तज्ज्ञ पदांसाठी पदव्युत्तर पदवी व अनुभव दोन्ही लागतात, म्हणून त्या क्षेत्रात जायचे असेल तर एम.एस्सी. गृहीत धरावी. अध्यापन व संशोधनासाठी नेट परीक्षेत पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, तर २०२१ पासून गेट परीक्षेतही पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकी हा पेपर आहे. नागपूरची नीरी, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था ही पाण्याची-कचऱ्याची, हवेची आणि प्राणिजीवनाची तीन वेगवेगळी दारे आहेत. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत यांपैकी कोणते आपले, हे ठरलेले असावे.

चौथे ऑनर्स वर्ष घ्यावे की तीन वर्षांनंतर एम.एस्सी.ला जावे, हा प्रश्न आता प्रत्येकासमोर येतो. आपल्या महाविद्यालयात चौथ्या वर्षी संशोधनासाठी मार्गदर्शक आणि चालू उपकरणे असतील तर ते वर्ष घेण्यात अर्थ आहे, कारण चार वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. एका वर्षात करण्याची तरतूद नव्या रचनेत आहे. पण ज्या विद्यापीठात जायचे आहे तेथे ती प्रत्यक्षात सुरू झाली आहे का, हे त्यांच्या प्रवेशपुस्तिकेत पाहूनच तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना निर्णय घ्यावा.